बर्फावरचे आडाखे

माझ्या कपाटात काळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. वाण्याकडे हिशेबाची असते तशी. तिच्यावर मी ठसठशीत अक्षरांत ‘आडाखे’ असे लिहून ठेवले आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, तो शब्द त्या वहीला फार मोठा होतो. ‘अंदाजपंचे’ एवढे लिहिले असते तरी पुरे झाले असते. वही बर्फावरच्या स्केटिंगची आहे. बर्फ म्हणजे गोळ्याचा आणि उसाच्या रसातला, एवढीच ओळख असलेल्या पुणेकराने फिगर स्केटिंगवर लिहावे, आणि तेही दिवाळी अंकात, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. पण ज्यांना दोन सूर लागत नाहीत अशी माणसे गाण्यावर लिहितात आणि आपण ते चवीने वाचतो. त्या परंपरेचा आधार घेऊन मी पुढे जातो.

माझी नोकरी विम्याच्या कचेरीत झाली. अमुक वयाची हजार माणसे घेतली, तर त्यांतली किती पुढल्या वर्षी नसतील, हे कोष्टकावरून सांगायचे, हे माझे काम. ते मी चांगले करीत असे. निवृत्तीनंतर हिवाळ्यात मुलीकडे टोरांटोला जाऊन राहण्याचा क्रम सुरू झाला. तिथे आमची नात पाचव्या वर्षापासून रिंकवर जाऊ लागली होती. फेब्रुवारीत तिथे दिवस लवकर मावळतो. मग घरात बसून टीव्हीवर स्केटिंगच्या स्पर्धा पाहणे आले. स्पर्धक नाचत असे आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडे पळत असत. आकडे दिसले की माझ्यातला जुना कारकून खडबडून जागा होतो. पुढच्याच आठवड्यात मी वही विकत आणली.

आरंभी मला साऱ्या उड्या सारख्याच दिसत. कोणीतरी पाठमोरे घसरत येई, एकाएकी वर जाई, भोवऱ्यासारखे फिरे आणि पुन्हा एका पायावर उतरे. त्यांतली लट्झ कोणती आणि फ्लिप कोणती, हे समालोचक सांगून मोकळा होई आणि मी मान डोलवी. ती ओळख मला नातीने करून दिली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. दिवाणखान्याच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर पायमोजे घालून तिने माझी शिकवणी घेतली, आणि मी सोफ्यावर बसून ती घेतली. उड्या सहा. टो लूप, साल्कोव्ह, लूप, फ्लिप, लट्झ आणि ॲक्सल. यांतली तीन नावे माणसांची आहेत. नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसेनने १८८२ साली व्हिएन्नात, स्वीडनच्या उलरिक साल्कोव्हने १९०९ साली आणि ऑस्ट्रियाच्या अलोइस लट्झने १९१३ साली आपापली उडी मारून दाखवली. माणसे गेली, नावे बर्फावर राहिली. सहांपैकी पाच उड्या पाठमोऱ्या घ्यायच्या असतात. एकटी ॲक्सल तेवढी समोर तोंड करून. उतरायचे मात्र सर्वांनी पाठमोरेच. म्हणून ॲक्सलमध्ये अर्धी गिरकी जास्त येते. तिहेरी ॲक्सल म्हटले की साडेतीन गिरक्या समजाव्यात. तिहेरीच्या पुढच्या उडीला आम्ही घरात ‘चौहेरी’ म्हणतो. शब्द कोशात असो वा नसो.

खरी गंमत लट्झ आणि फ्लिपची. या जुळ्या बहिणी. बहुतेक खेळाडू डाव्या पायावर मागे घसरत येतात, उजव्या पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रोवतात आणि डावीकडे फिरत वर जातात. दोन्ही उड्यांत इतके सगळे सारखेच. पण स्केटचे पाते असते जेमतेम चार मिलिमीटर जाडीचे, आणि त्याला खालून पन्हळ असल्यामुळे त्याच्या दोन धारा होतात. फ्लिप आतल्या धारेवरून उडते, लट्झ बाहेरच्या. आता बाहेरच्या धारेवर असताना शरीर एका दिशेने वळण घेत असते, आणि उडताना फिरायचे असते नेमके उलट दिशेला. त्यामुळे लट्झ अवघड. कित्येक जण मोठ्या डौलाने बाहेरच्या धारेवर येतात आणि अगदी शेवटच्या क्षणी, कोणी पाहत नाहीसे बघून, घोटा आत कलंडू देतात. घोषणा लट्झची, उडी फ्लिपची. बर्फावरच्या मंडळींनी या संकराला ‘फ्लट्झ’ असे नाव ठेवले आहे. हे एकदा नजरेला सापडले की स्केटिंग पाहण्याची सगळी रीतच बदलते. माणूस हवेतल्या गिरक्या मोजायचे सोडून पायाच्या घोट्याकडे पाहू लागतो. मला तर रस्त्याने चालणाऱ्यांचेही घोटे दिसू लागले होते.

पण वही घोट्यांची नव्हती, भावांची होती. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत पंचगिरीचा मोठा घोटाळा झाला, दोन जोड्यांना सुवर्णपदक देण्याची पाळी आली, आणि सहापैकी गुण देण्याची जुनी रीत त्यात निकालात निघाली. त्यानंतर २००४ साली जे नवे शास्त्र मंजूर झाले, ते म्हणजे सरळ भावपत्रक आहे. प्रत्येक उडीला मूळ भाव. २०१८ साली सुधारलेल्या पत्रकात तिहेरी फ्लिप ५.३०, तिहेरी लट्झ ५.९०, तिहेरी ॲक्सल ८. चौहेरी टो लूप ९.५०, चौहेरी लट्झ ११.५० आणि चौहेरी ॲक्सल १२.५०. उडी कशी वठली ते पाहून पंच पाच पायऱ्या वर वा पाच पायऱ्या खाली जाऊ शकतात. एक पायरी म्हणजे मूळ भावाचे दहा टक्के. शिवाय सादरीकरणाचे गुण वेगळे. हे भावही स्थिर नसतात. २०१० नंतर चौहेरी उड्यांचे भाव चढवले, २०१८ साली उतरवले. कांद्याचे होते तसेच. फक्त इथे पाऊस नसतो, समिती असते.

अशा व्यवस्थेत भविष्य सांगणे किती सोपे! कोण कोणत्या उड्या घेणार ते आधी ठाऊक असते. भाव ठाऊक असतात. हंगामात कोण किती वेळा पडला तेही ठाऊक असते. बेरीज करायची, पडझडीची वजावट टाकायची, की झाला निकाल. २०१८ साली प्याँगचँग ऑलिंपिकच्या आधी मी अशी बेरीज केली आणि पुरुषांच्या स्पर्धेत अमेरिकेचा नेथन चेन पहिला येणार असे वहीत लिहिले. माझे काय चुकले होते? चेनजवळ पाच जातींच्या चौहेरी उड्या होत्या. डिसेंबरात नागोयाला ग्रां प्रीची अंतिम फेरी त्याने जिंकली होती. उलट जपानचा युझुरू हन्यू नोव्हेंबरात चौहेरी लट्झच्या सरावात पडून जायबंदी झाला होता आणि तेव्हापासून एकाही स्पर्धेत उतरला नव्हता. मी पुण्याहून नेलेला चकल्यांचा डबा पैजेवर लावला. नातीने हन्यूला घेतले. का, म्हणून विचारले तर म्हणाली, “तो उतरतो तेव्हा आवाज येत नाही.” मी हसलो. दहा वर्षांची पोर!

छोट्या फेरीत चेनची एकही मोठी उडी धड झाली नाही. ८२.२७ गुण, सतरावा क्रमांक. हन्यूला १११.६८. दुसऱ्या दिवशी मोठ्या फेरीत याच चेनने सहा चौहेरी उड्या घेतल्या, २१५.०८ गुण मिळवले आणि त्या फेरीत साऱ्या जगाच्या पुढे गेला. पण एकूण निकालात पाचवा. हन्यू ३१७.८५ गुणांनी पहिला आला. १९४८ आणि १९५२ साली अमेरिकेच्या डिक बटनने लागोपाठ दोन सुवर्णपदके घेतली होती; त्यानंतर तसे करणारा हा पहिला पुरुष. चकल्यांचा डबा नातीकडे गेला. त्यातल्या दोन तिने मला दिल्या, हे मान्य केले पाहिजे.

माझी चूक गणिताची नव्हती, हे मला पुष्कळ दिवस समाधान होते. चेनच्या उड्यांची किंमत मी बरोबर लावली होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती वसूल करूनही दाखवली. कोष्टक हजार माणसांचे बोलते, एका माणसाच्या एका रात्रीविषयी ते काही बोलत नाही, हे कचेरीत मी नव्या कारकुनांना शिकवीत असे. घरी येऊन विसरलो.

मग मी जुन्या निकालांत शिरलो. आणि तिथे मला असे काही सापडले की कोणत्याही कोष्टकी माणसाला रात्री झोप येऊ नये. २०१० साली व्हँकूव्हरला अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने रशियाच्या येवगेनी प्लुशेंकोला हरवले: २५७.६७ विरुद्ध २५६.३६. अंतर १.३१. आणि २०१८ साली प्याँगचँगला मुलींच्या स्पर्धेत अलिना झागितोवाने येवगेनिया मेद्वेदेवाला हरवले: २३९.५७ विरुद्ध २३८.२६. अंतर १.३१! मी ते घरच्यांना ओरडून सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, “मग त्या आकड्याचे लॉटरीचे तिकीट काढा.” योगायोगाला अर्थ नसतो, हे मलाही कळते. पण त्या आकड्याच्या नादाने मी हे दोन निकाल जितके बारकाईने पाहिले तितके दुसरे कोणतेच पाहिले नाहीत, आणि दोन्हींकडे पाहून मला जे वाटले ते एकमेकांच्या अगदी उलट होते.

व्हँकूव्हरचा वाद ठाऊक असणारे अजूनही तावातावाने बोलतात. प्लुशेंकोने चौहेरी टो लूप घेतली आणि तिला लगेच तिहेरी जोडली. लायसाचेकने एकही चौहेरी घेतली नाही. म्हणून ‘कलेने कसरतीला हरवले’ असे एका पक्षाचे म्हणणे, आणि ‘भ्याडपणाने पराक्रमाला हरवले’ असे दुसऱ्याचे. मी मोठ्या फेरीचा गुणतक्ता उघडला. दोघांचे सादरीकरणाचे गुण तंतोतंत सारखे होते: ८२.८०. म्हणजे कलेचा प्रश्नच मिटला. निकाल लावला तो तांत्रिक गुणांनी, आणि त्यांत ज्याच्याजवळ चौहेरी नव्हती त्याला ८४.५७, आणि ज्याच्याजवळ होती त्याला ८२.७१! म्हणजे कसरतीनेच कसरतीला हरवले होते. हे कसे झाले? तेव्हाच्या पत्रकात चौहेरी टो लूपला ९.८ होते आणि तिहेरी ॲक्सलला ८.२, त्या एका उडीचे भांडवल फार मोठे नव्हतेच. लायसाचेकने आपल्या जास्त उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या, जिथे पाय थकलेले असतात म्हणून दहा टक्के जादा मिळत. पण तक्ता मिटून मी चित्रफीत पाहिली तेव्हा खरे कारण दिसले. प्लुशेंकोचा कणा काही उड्यांत हवेतच एका बाजूला कलतो. तो उतरतो ते आपल्या अचाट कौशल्याने स्वतःला सावरून. कोसळता कोसळता पाय टेकण्याची त्याची हातोटी विलक्षण आहे, पण ती सावरण्याची हातोटी आहे. लायसाचेकच्या उड्यांत सावरण्यासारखे काही उरतच नाही. तो ज्या वेगाने शिरतो जवळजवळ त्याच वेगाने बाहेर पडतो. हा निकाल बरोबर होता असे माझे मत आहे. त्यावरून टोरांटोतल्या आमच्या एका स्नेह्यांनी माझ्याशी दोन आठवडे अबोला धरला.

झागितोवाचा निकालही नियमाप्रमाणे चूक नव्हता. मोठ्या फेरीत तिला आणि मेद्वेदेवाला अगदी सारखे, १५६.६५, गुण पडले. छोट्या फेरीतली १.३१ ची आघाडी तेवढी उरली. सारखे म्हणजे कसे सारखे? मेद्वेदेवाला सादरीकरणात जास्त, झागितोवाला तांत्रिकात जास्त, बेरीज एक. झागितोवाच्या गुरूंनी तो उत्तरार्धाचा दहा टक्क्यांचा नियम अक्षरशः पाळला होता. तिच्या सातही उड्या उत्तरार्धात. पूर्वार्धात नुसती पदन्यासाची आणि जागच्या जागी फिरण्याची कामे. पहिली दोन मिनिटे उपास आणि पुढे एकदम पारणे! संगीत ‘डॉन किहोते’ बॅलेचे. ते सुरुवातीपासून उडी मागत राहते आणि मुलगी खाली बघून वाट पाहत राहते. रचना म्हणून हे मला वाईट वाटते, आणि तसे पुष्कळांना वाटले असावे, कारण पुढल्याच हंगामापासून मोठ्या फेरीत शेवटच्या तीनच उड्यांना जादा गुण देण्याचा नियम झाला. पण त्याच नाचात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे माझी टीका मला खुजी वाटते. पहिल्या लट्झला जोडायची तिहेरी लूप तिच्याकडून राहून गेली. एखादी हबकली असती. ही पंधरा वर्षांची मुलगी तशीच पुढे गेली, आणि नंतरच्या लट्झला तिने ती लूप जोडून टाकली. हिशेब बर्फावर, धावत्या वेगात, नव्याने मांडला. हे कोणत्याही वहीत आधी लिहून ठेवता आले नसते.

आता ज्या हन्यूने माझ्या चकल्या घालवल्या त्याच्याकडे येतो. नातीचे ते ‘आवाज येत नाही’ माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी त्याची २०१८ ची छोटी फेरी, शोपँच्या बॅलडवरची, पुन्हा पाहिली. किती वेळा ते सांगत नाही. तिच्यात एक तिहेरी ॲक्सल आहे. तिहेरी ॲक्सल त्या स्पर्धेत कितीतरी जणांनी घेतली, आणि पत्रकात सगळ्यांचा मूळ भाव एकच. पण बहुतेक जण ॲक्सलकडे जाताना लांबलचक सरळ पल्ला घेतात, खांदे आखडतात, दोन क्षण काहीच करीत नाहीत. प्रेक्षकाला आधीच कळते की आता काहीतरी होणार आहे. तान घेण्यापूर्वी खाकरणारे गवई असतात, तसे. हन्यू पाठमोरा येतो, एका पायावर काउंटर नावाचे अडचणीचे वळण घेतो आणि त्या वळणाच्या तोंडातूनच वर जातो. खाकरायला जागाच ठेवलेली नाही. उतरल्यावरही तो ‘झाले एकदाचे’ असे म्हणून थबकत नाही. उतरतानाच्या वेगातच पुढचे पाऊल सुरू झालेले असते. पियानोचा सूर जिथे वळतो तिथे उडी वळते. उडी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे दाखवायला बोट ठेवू गेलो तर बोट घसरते.

याला पंचांनी वरच्या पायऱ्या दिल्या, हे खरे. पण माझ्या वहीत ती उडी आणि बाकीच्यांची उडी एकाच रकान्यात, एकाच नावाने, एकाच आकड्याने बसली होती. लट्झ मोठी की फ्लिप, ॲक्सल मोठी की लट्झ, ही तुलना भावपत्रक करते आणि ती बऱ्यापैकी न्याय्य करते. टीकाकाराने करायची तुलना तिच्या पुढे सुरू होते: एका ॲक्सलची दुसऱ्या ॲक्सलशी. आणि मी सहा-सात वर्षे नावांचीच बेरीज करीत बसलो होतो.

यावर ‘पूर्वीचे दिवस बरे होते, तेव्हा कला होती’ म्हणून उसासे टाकणारे रसिक भेटतात. त्यांना मी १९७२ च्या सप्पोरोची आठवण देतो. तिथे ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाला सुवर्णपदक मिळाले ते बर्फावर आठाच्या आकड्यासारख्या सक्तीच्या आकृत्या बिनचूक गिरवल्याबद्दल. मुक्त नृत्यात ती सातवी होती. त्या आकृत्या १९९० नंतर गेल्या, त्याबद्दल कोणी फारसे रडले नाही. उडी ही कलेची शत्रू नव्हे. ती या नाचातले क्रियापद आहे. नुसत्या विशेषणांचे वाक्य होत नाही.

एवढे कळल्यावर वही मिटायला हवी होती. मिटली नाही. २०२२ साली बीजिंगच्या वेळी मी पुन्हा टोरांटोत होतो, आणि या खेपेला माझा आडाखा असा होता की मुलींच्या मोठ्या फेरीत रशियाची अलेक्सांद्रा त्रुसोवा पहिली येईल, कारण पाच चौहेरी उड्या मांडण्याची हिंमत दुसऱ्या कोणातही नव्हती. टोरांटोत तेव्हा पहाट होती. चहा घेऊन आम्ही सगळे बसलो. आडाखा खरा ठरला. त्रुसोवाने पाचही चौहेरी उड्या घेतल्या आणि १७७.१३ गुणांनी ती फेरी जिंकली. पण छोट्या फेरीत ती तिहेरी ॲक्सलवर पडली होती. तिच्या सगळ्या चौहेरी उड्यांहून स्वस्त अशी ती उडी. आन्ना श्चेरबाकोवा ४.२२ गुणांनी पुढे राहिली. सुवर्णपदक जिंकलेली श्चेरबाकोवा एका बाजूला एकटीच बाहुली हातात धरून बसलेली, रजतपदक मिळवलेली त्रुसोवा ओक्साबोक्शी रडत असलेली, आणि छोट्या फेरीत पहिली आलेली पंधरा वर्षांची कामिला वालियेवा पुन्हा पुन्हा पडून चौथी. तिच्या उत्तेजक द्रव्याच्या चाचणीचे प्रकरण त्या आठवड्यात सगळ्या जगात गाजत होते. पुढे २०२४ च्या जानेवारीत क्रीडा लवादाने तिच्यावर बंदी घातली. तिघी एकाच गुरूच्या शिष्या. आमची नात तेव्हा चौदाव्या वर्षात होती. तिने टीव्हीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि चहाचा कप खाली ठेवून ती खोलीत निघून गेली.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये संघटनेने मोठ्यांच्या स्पर्धांसाठी किमान वय टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचा ठराव केला. फार उशिरा केला, असे माझे मत आहे. हलक्या, न वाढलेल्या अंगाने चार गिरक्या लवकर पुऱ्या होतात. भावपत्रकाला तेवढेच दिसते, आणि गुरूला भावपत्रक दिसते. मग पंधराव्या वर्षी शिखर आणि अठराव्या वर्षी उतार, असा रिवाज पडतो.

मात्र हे मत माझे त्या सकाळी नव्हते. ते झाले दोन दिवसांनी. नातीच्या हातात माझी वही सापडली. वहीच्या मागच्या पानांवर मी काय लिहीत असे, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. शनिवारी मी तिच्याबरोबर रिंकवर जाई. कठड्याशी बसल्या बसल्या तिच्या उड्यांची नोंद करी: इतक्या घेतल्या, इतक्या पडल्या, इतके गुण. आणि नोव्हेंबरातल्या तिच्या क्लबाच्या स्पर्धेआधी मी खाली लिहिले होते: ‘सातवी’. ती सातवी आली होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “मी जायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं?”

मी काहीतरी बोललो. कोष्टकाचे, सरासरीचे. ती ऐकून घेत होती. स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी तिच्या हातावर दही ठेवले होते आणि “छान होईल बघ” असे म्हटले होते; ते तिला आठवत असणार, कारण मला आठवत होते. आयुष्यात माझे पुष्कळ आडाखे चुकले. बरोबर आलेल्या आडाख्याने मान खाली घालायला लावली ती तेवढ्या एका. त्यानंतर उरलेल्या शनिवारी मला कोणी रिंकवर बोलावले नाही.

त्या सप्टेंबरात लेक प्लॅसिडला सतरा वर्षांच्या इलिया मालिनिनने स्पर्धेत चौहेरी ॲक्सल उतरवली, जगात पहिल्यांदा. सात महिन्यांपूर्वी बीजिंगला हन्यूने तीच उडी घेतली होती आणि तो पडला होता; गिरकीही किंचित अपुरी धरली गेली, आणि त्याला पदकाविना चौथ्या क्रमांकावर परतावे लागले. साडेचार गिरक्या, क्षणभरात. पुण्यात बसून मी दोन्ही उड्या लागोपाठ पाहिल्या. वही कपाटात होती. कोणाची मोठी, हे ठरवायला मला ती काढावीशी वाटली नाही. मालिनिनची उडी उतरली हे निर्विवाद, आणि हन्यूची मी अधिक वेळा पाहिली, हेही.

डिसेंबरात टोरांटोला पोचलो. तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, “शनिवारी येता का? वही घरी ठेवून.”

ती दुहेरी ॲक्सलवर काम करीत होती. अडीच गिरक्या. कठड्यापाशी पाय गारठवून मी उभा राहिलो. पहिल्या दोन वेळा ती पडली, तिसऱ्यांदा हवेतच उघडली. चौथ्यांदा उतरली. हात पसरले, पाय मागे गेला, सगळे नीट दिसले; पण पाते बर्फावर टेकले तेव्हा त्याचे टोक अजून बाजूला बघत होते, आणि तिथे एक आखूड खरवड उठली. ती घसरत सरळ माझ्याकडे आली. प्रशिक्षकबाई पलीकडे दुसऱ्या मुलीत गुंतल्या होत्या.

“कशी झाली?”

‘छान’ हा शब्द ओठांवर तयार होता. दह्याच्या सकाळी होता तोच.

“शिरताना थांबली नाहीस, ते फार चांगलं केलंस,” मी म्हणालो. “उंचीही होती. पण पाव गिरकी राहिली. पाय टेकला तेव्हा तू अजून फिरत होतीस.”

तिने मागे वळून बर्फावरची ती खरवड पाहिली.

“मलाही तसंच वाटलं,” ती म्हणाली, हातमोजा दातांनी वर ओढला आणि पुन्हा गेली.